उमेदवारास वचन विचारा, प्रतिनिधीस हिशेब



निवडणूक दाराशी आली म्हणजे मतदारास जाग यावी आणि निकाल लागताच त्याने पुन्हा निजावे, ही आपल्या लोकशाहीची जुनी व्याधी आहे. लोकसभेसाठी हिंगोली मतदारसंघात २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. विधानसभेसाठी त्याच वर्षी २० नोव्हेंबरला झाले. मुदत पुरी झाली तर या दोन्ही सभागृहांची पुढील सार्वत्रिक निवडणूक २०२९ साली यावयाची आहे. मग मधल्याच काळात निवडणुकीवर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन हेच की, प्रचाराच्या पंधरवड्यात उमेदवाराची परीक्षा होत नाही. त्या दिवसांत सर्वच उमेदवार नम्र असतात, सर्वांनाच आपल्या वस्तीचा रस्ता ठाऊक असतो, आणि सर्वांच्या गळ्यात निळा शेला असतो. खरी परीक्षा निवडून आल्यानंतरच्या पाच वर्षांत होते, आणि परीक्षक त्याच काळात झोपलेला असतो.

हे आम्ही विशेषेकरून इस्लापूर परिसरातील नवदीक्षित कुटुंबांना उद्देशून लिहीत आहोत. तेथील मतदाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. निजामाच्या राजवटीत प्रौढ मताधिकार नव्हता. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा इस्लापूर महाराष्ट्रात तर नव्हतेच, नांदेड जिल्ह्यातही नव्हते. इस्लापूरचे महसुली मंडळ हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात मोडत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने किनवट व राजुरा या तालुक्यांबरोबर इस्लापूर मंडळाचाही नावानिशी उल्लेख करून हा भाग मुंबई राज्यास जोडला. त्या कायद्याचा अंमल १ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाला. त्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे पहिल्या निवडणुकीत हैदराबाद, १९५७ साली मुंबई आणि १९६२ साली महाराष्ट्र, अशा तीन राज्यांचा मतदार म्हणून इस्लापूरचा माणूस मतपेटीपाशी गेला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, राजभाषा बदलली. बदलला नाही तो एका माणसाचा एक मताचा अधिकार. राजाकडून मिळालेली वस्तू राजाबरोबर जाते. संविधानाने दिलेला अधिकार सीमा हलल्या तरी हलत नाही.

आता आजची स्थिती पाहा. इस्लापूर किनवट विधानसभा मतदारसंघात आहे. किनवट आणि माहूर हे तालुके मिळून तो झालेला आहे. हा मतदारसंघ लोकसभेसाठी हिंगोलीस जोडलेला आहे. हिंगोली लोकसभा मतदारसंघात हिंगोली, कळमनुरी, वसमत, हदगाव, किनवट आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. सबब, तुमचे जिल्ह्याचे ठिकाण नांदेड असले तरी नांदेडचा खासदार हा तुमचा खासदार नव्हे. सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ पैनगंगेच्या अलीकडे उभा असलेला मतदार मराठवाड्याचा आणि पलीकडचा विदर्भाचा. पण दोघांचा खासदार एकच. आमदार मात्र निराळे. पलीकडचे उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव, तर अलीकडचे किनवट सर्वसाधारण. कोणाकडे काय मागावयाचे हे ज्यास ठाऊक नाही, त्यास प्रत्येक जण दुसऱ्याच्या दारी पाठवितो. म्हणून प्रथम हा नकाशा घरातील प्रत्येकाने ध्यानी धरावा.

या दोन मतदारसंघांचा अलीकडचा इतिहास शेजारी शेजारी मांडून पाहिला म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसून येते. हिंगोलीच्या खासदाराची खुर्ची सतत रिकामी होते. २००४ साली श्रीमती सूर्यकांता पाटील निवडून आल्या. २००९ साली त्यांचा श्री. सुभाष वानखेडे यांनी पराभव केला. २०१४ साली वानखेडे यांना श्री. राजीव सातव यांनी हरविले. २०१९ साली सातव उभेच राहिले नाहीत. आणि ज्या वानखेडे यांना काँग्रेसच्या सातवांनी पाच वर्षांपूर्वी पाडले होते, त्यांनाच काँग्रेसने आपली उमेदवारी दिली. निवडून आले ते शिवसेनेचे श्री. हेमंत पाटील. २०२४ साली विद्यमान खासदार असलेल्या पाटील यांचे नाव प्रथम जाहीर झाले आणि मग बदलले. त्यांच्या जागी श्री. बाबुराव कदम कोहळीकर उभे राहिले. शिवसेनेचे दोन तुकडे झालेले असल्यामुळे धनुष्यबाण आणि मशाल एकमेकांसमोर आले, आणि मशालीचे श्री. नागेश पाटील आष्टीकर विजयी झाले. विद्यमान खासदार दोनदा हरला, एकदा उभा राहिला नाही, एकदा त्याची उमेदवारी गेली. सलग दुसऱ्यांदा कोणी बसला नाही.

किनवटची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. २००४, २००९ आणि २०१४ अशा तीन निवडणुका श्री. प्रदीप नाईक यांनी जिंकल्या. २०१९ आणि २०२४ या दोन श्री. भीमराव केराम यांनी जिंकल्या. वीस वर्षांत विधानसभेसाठी दोनच माणसे, आणि तेवढ्याच काळात लोकसभेसाठी पाच.

या दोहोंपैकी चांगले कोणते? आमचे मत असे की, मतदार जागा नसेल तर दोन्ही सारखीच वाईट आहेत. जेथे प्रतिनिधी दर पाच वर्षांनी बदलतो तेथे हिशेब देणारा कोणी उरत नाही. नवा म्हणतो, हे काम जुन्याने बुडविले; जुना म्हणतो, मी आता कोणीच नाही. आणि जेथे एकच प्रतिनिधी पुनःपुन्हा बसतो तेथे त्यास हिशेब देण्याची गरज वाटेनाशी होते. वस्तीतील मते आपल्याच खिशात आहेत असे तो धरून चालतो. पहिल्या ठिकाणी हिशेबाची वही हरवते, दुसऱ्या ठिकाणी ती कोणी उघडतच नाही. उपाय दोन्हीकडे एकच: वही मतदाराच्या हाती असली पाहिजे. उमेदवार नवा असो वा जुना, तो येण्यापूर्वी वस्तीने आपली वही लिहून ठेवलेली असावी.

आपल्या मूठभर मतांनी काय होणार, असे म्हणून जो बौद्ध मतदार घरी बसतो त्याने दोन आकडे लक्षात ठेवावेत. २०१४ साली याच हिंगोली मतदारसंघात सातव यांचा विजय १,६३२ मतांनी झाला. नांदेडचे खासदार श्री. वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे पोटनिवडणूक झाली. तीत त्यांचे पुत्र श्री. रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. सहा विधानसभा मतदारसंघांतील लाखो मतांचा निर्णय दोन मोठ्या मतदान केंद्रांच्या यादीत मावतील एवढ्या मतांनी झाला. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर विधानसभेचेही मतदान होते. आणि त्या सहाही जागा दुसऱ्या आघाडीने, म्हणजे महायुतीने, जिंकल्या. यावरून हेही सिद्ध होते की, आमदारकीस एक आणि खासदारकीस दुसरा असा विवेक करणारा मतदार मराठवाड्यात आहे. मतदार मेंढरासारखा जातो असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आपल्या मताविषयी आणखी एक आरोप वारंवार केला जातो. २०१९ साली नांदेडमध्ये श्री. अशोक चव्हाण यांचा श्री. प्रतापराव चिखलीकर यांच्याकडून ४०,१४८ मतांनी पराभव झाला, आणि वंचित बहुजन आघाडीचे श्री. यशपाल भिंगे यांना १,६६,१९६ मते मिळाली. तेव्हा मते फोडली, मते खाल्ली, असा गिल्ला झाला. आम्ही विचारतो, मते खाल्ली म्हणजे कोणाच्या ताटातली? मत हे मतदाराचे असते. ते मोजले जाईपर्यंत कोणत्याही पक्षाच्या मालकीचे नसते. जे आपले नव्हतेच ते गेले म्हणून कोणी रडू नये. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द अशोक चव्हाणच भारतीय जनता पक्षात गेले. तेव्हा २०१९ साली ज्यांना दोष दिला गेला त्या मतदारांनी काय समजावे, याचा विचार दोष देणाऱ्यांनीच करावा. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजूही आम्ही लपवू इच्छित नाही. मत आपल्या मालकीचे आहे, म्हणून त्याच्या परिणामाची जबाबदारीही आपलीच आहे. निवडून येण्याचा संभव नसलेल्या उमेदवारास मत देणे हा अपराध नव्हे. पण ते कशासाठी दिले, आणि त्यातून पुढील निवडणुकीसाठी कोणते बळ उभे राहिले, याचे उत्तर देता आले पाहिजे. रागाने दिलेले मत आणि विचाराने दिलेले मत यंत्रात सारखेच मोजले जाते. समाजाच्या जीवनात ते सारखे नसते.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. आपण मतदान असे म्हणतो. बौद्ध कुटुंबात दान या शब्दास फार मोठे स्थान आहे. दान देताना परतफेडीची अपेक्षा ठेवावयाची नसते, दिलेल्याचा उच्चारही करावयाचा नसतो. परंतु मत हे या अर्थाचे दान नव्हे. ते दिल्यावर विसरावयाचे नाही. ते एका कामासाठी दिलेले मुखत्यारपत्र आहे, आणि मुखत्याराने काम केले की नाही हे पाहणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याचप्रमाणे ते विक्रीचा मालही नव्हे. मतासाठी पैसे वा वस्तू देणारा आणि घेणारा असे दोघेही भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हेगार आहेत. त्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी हा व्यवहार किती तोट्याचा आहे पाहा. ज्याने मत विकत घेतले त्याचे देणे त्याच दिवशी फिटले. पुढील पाच वर्षांत त्याच्याकडे काही मागावयास गेलात तर तो मनातल्या मनात म्हणेल, यांचे पैसे मी पोचते केलेले आहेत. आणि दारूची बाटली घेऊन ज्याने मत दिले, त्याने बुद्धवंदनेत म्हटलेले पाचवे शील कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता एक नाजूक गोष्ट. उमेदवार बौद्ध आहे एवढ्याच कारणावरून त्यास मत द्यावे काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार धर्म, जात, वंश, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने असे सांगितले की, यात केवळ उमेदवाराचा धर्म येत नाही, मतदाराचाही येतो. म्हणजे धम्माच्या नावाने मत मागणे हे इतरांस जसे वर्ज्य, तसे आपणासही वर्ज्य. यात आपली हानी आहे असे आम्हांस वाटत नाही. किनवटसारख्या सर्वसाधारण मतदारसंघात केवळ बौद्धांच्या मतांवर कोणी निवडून येऊ शकत नाही. जो उमेदवार बौद्ध वस्तीत एक भाषा बोलतो आणि इतर वस्तीत दुसरी, तो कोठेच टिकत नाही.

आपल्या चळवळीचा इतिहासही हेच शिकवितो. १९५२ साली उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेबांचा काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव झाला. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले कायदेमंत्री एकीकडे, आणि दुसरीकडे प्रबळ पक्षसंघटना असलेला उमेदवार, संघटना जिंकली. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तसेच झाले. परंतु १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार महाराष्ट्रातून लोकसभेत गेले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड निवडून आले, आणि आपल्या नांदेडच्या द्विसदस्य मतदारसंघातून हरिहरराव सोनुले निवडून आले. दादासाहेबांच्या यशामागे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या रूपाने इतर समाजांशी केलेली एकजूट होती. एकट्याच्या त्यागाने चळवळ उभी राहते. जागा मात्र इतरांच्या साहाय्याशिवाय जिंकता येत नाही.

किनवटनेही हा धडा एकदा गिरविलेला आहे. १९९३ साली किनवट विधानसभेची पोटनिवडणूक झाली, आणि श्री. प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील भारिप-बहुजन महासंघाच्या वतीने आदिवासी समाजातील श्री. भीमराव केराम निवडून आले. बौद्ध, आदिवासी आणि इतर मागासलेल्या समाजांनी एकत्र येऊन प्रस्थापित पक्षांना हरविता येते, हे त्या निवडणुकीने राज्यास दाखविले. तेच केराम २०१९ पासून भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर निवडून येत आहेत. यावर स्तुती वा निंदा करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एखाद्या माणसाने पक्ष बदलणे हा त्याचा प्रश्न आहे. आमचा प्रश्न असा आहे की, १९९३ साली जी एकजूट झाली तिचे मतदार आज कोठे आहेत? उमेदवार गेला म्हणून एकजूटही त्याच्याबरोबर जावी काय? जर ती एका उमेदवाराच्या नावावर उभी असेल तर ती त्याच्याबरोबर जाणारच. ती जर शाळा, वसतिगृह, वनहक्क, मजुरी आणि अत्याचारापासून संरक्षण या समान गरजांवर उभी असेल, तर उमेदवार बदलला तरी ती राहील. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध जो इशारा दिला, तो विरोधी पक्षाच्या नेत्यांपुरता नव्हता. तो आपल्या नेत्यांच्या बाबतीतही पाळावयाचा आहे.

राखीव जागांसंबंधीही नवदीक्षित कुटुंबांत अनेक समज-गैरसमज आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस बौद्ध झाला की तो त्या यादीतून बाहेर पडत असे. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. परंतु लोकसभा व विधानसभेच्या राखीव जागेचा दरवाजा बंदच राहिला. धर्म उघडपणे सांगावा तर उमेदवारी जाते, आणि उमेदवारी घ्यावी तर कागदावर जुना धर्म लिहावा लागतो, अशा कात्रीत आपली एक संपूर्ण पिढी सापडली. १९९० साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती केली आणि बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा आज कोणी तुम्हांस सांगितले की, दीक्षा घेतल्याने तुमचा राखीव जागेचा हक्क गेला, तर ते असत्य आहे हे ठामपणे सांगा. जातीचा दाखला मात्र व्यवस्थित काढून ठेवा. सध्याच्या तरतुदीप्रमाणे सभागृहांतील या राखीव जागांची मुदत २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. नांदेड जिल्ह्याच्या नऊ विधानसभा मतदारसंघांपैकी देगलूर हा एकच अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. शेजारी लातूर जिल्ह्यात उदगीर, आणि लोकसभेसाठी लातूर. परंतु हेही विसरू नका की, राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचा असला तरी त्यास निवडणारा मतदार सर्व समाजांचा असतो. १९३२ च्या पुणे करारापासून ही पद्धत आहे. म्हणून राखीव जागेवर बसलेल्यासही तोच हिशेब मागितला पाहिजे जो इतरांस मागावयाचा.

हा हिशेब कोणता, ते आता स्पष्ट करतो.

पहिली बाब पैशाची. प्रत्येक खासदारास स्थानिक क्षेत्र विकास योजनेखाली दरवर्षी पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. त्यांपैकी किमान पंधरा टक्के अनुसूचित जातींच्या वस्तीच्या भागासाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागासाठी सुचवावीत असा नियम आहे. पाच कोटींचे पंधरा टक्के म्हणजे पंचाहत्तर लाख. पाच वर्षांचे पावणेचार कोटी. हिंगोली मतदारसंघात ही रक्कम कोणत्या गावात, कोणत्या कामावर गेली? इस्लापूर परिसरात काही आले काय? ही माहिती उपकार म्हणून मागावयाची नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात होतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाही. आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दुसरी बाब संरक्षणाची. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्ह्यातील खासदार आणि आमदार तिचे सदस्य असतात, आणि तिची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा व्हावयास हवी. आमदार-खासदारांना विचारा: मागील वर्षी किती बैठका झाल्या? आपण किती बैठकांस होतात? कोणत्या प्रकरणाविषयी आपण तोंड उघडले? जयंतीच्या व्यासपीठावर हार घालणारा हात या बैठकीच्या हजेरीपटावर सही करतो की नाही, हे ज्याने पाहिले त्यास प्रतिनिधीची खरी ओळख पटली.

तिसरी बाब सभागृहातील कामाची. खासदाराची हजेरी आणि त्याने विचारलेले प्रश्न लोकसभेच्या नोंदीत प्रसिद्ध होतात. आमदारास तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना मांडता येते. शिष्यवृत्ती वेळेवर न मिळाल्यामुळे मुलाचे शिक्षण थांबले, वसतिगृहात जागा नाही, रुग्णालयात डॉक्टर नाही, या गोष्टी त्याने एकदा तरी सभागृहात मांडल्या काय?

चौथी बाब त्याच्या स्वतःच्या मालमत्तेची. उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकास शपथपत्र द्यावे लागते. त्यात शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि फौजदारी खटले यांची माहिती असते. विद्यमान प्रतिनिधी पुन्हा उभा राहिला म्हणजे त्याची दोन शपथपत्रे जवळजवळ ठेवून वाचा. पाच वर्षांत वस्तीची किती वाढ झाली आणि त्याची किती, हे तेथे दिसेल. घरातील दहावी-बारावीतील मुलीस हे वाचन सांगा. तिला ते सहज जमेल, आणि तिला जे समजेल ते घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकावे.

आता घरोघरच्या कर्तव्याविषयी. दीक्षेनंतर काही कुटुंबांनी नावे वा आडनावे बदललेली आहेत. शाळेचा दाखला, आधार आणि मतदार यादी यांत नावे वेगवेगळी राहिली तर ऐन मतदानाच्या दिवशी घोटाळा होतो. यादीतील दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना क्रमांक ८ आहे. नव्या नोंदणीसाठी नमुना ६. अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी पूर्वी १ जानेवारी हा एकच दिनांक धरीत; २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर हेही धरले जातात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत पडून राहते आणि सासरी ती मतदारच नसते, ही गोष्ट फार घरांत आढळते. ते नाव आजच हलवून घ्या. ऊसतोडीस, वीटभट्टीवर वा परप्रांती मजुरीस जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटी भीतीविषयी. कोणी कोणास मत दिले हे कोणासही कळू शकत नाही. ते गुप्त राखणे हा कायदाच आहे. परंतु कोणत्या केंद्रावर कोणास किती मते पडली याचे आकडे प्रसिद्ध होतात, आणि वस्तीची मते कोठे गेली याचा अंदाज पुढारी त्यावरून बांधतात. कित्येकांना याची धास्ती वाटते. वस्तुतः हेच आपले बळ होऊ शकते. ज्या वस्तीची मते नेहमी एकाच पेटीत ठरलेली असतात, तिच्याकडे जिंकणाराही पाहत नाही आणि हरणाराही पाहत नाही. जी वस्ती काम पाहून मत देते, जी एकदा दिलेले मत पुढच्या खेपेस काढून घेऊ शकते, तिच्या दारी दोघांनाही यावे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या विहारात आठवड्यास वंदना होते तेथे महिन्यातून एकदा अर्धा तास ही वही उघडा. एका पानावर आमदाराचे नाव, दुसऱ्यावर खासदाराचे. निवडणुकीत त्यांनी काय वचन दिले ते वर लिहा. काय मागितले, केव्हा मागितले, काय उत्तर आले ते खाली दिनांकासह लिहा. आदिवासी, बंजारा आणि इतर शेजाऱ्यांना बोलवा. पाण्याचा आणि शाळेचा प्रश्न त्यांचाही आहे. आपल्या देशात आमदार-खासदारास मुदतीपूर्वी परत बोलाविण्याचा अधिकार मतदारास नाही. पाच वर्षे त्यास सोसावेच लागते. परंतु त्या पाच वर्षांची नोंद ठेवण्यापासून तुम्हांस कोणी अडवू शकत नाही. २०२९ साली उमेदवार हात जोडून वस्तीत येतील तेव्हा त्यांच्या भाषणाआधी आपल्या विहारातील एखाद्या मुलीने ती वही मोठ्याने वाचावी. जो ते वाचन शेवटपर्यंत बसून ऐकेल आणि उत्तर देईल, त्याच्या नावाचा विचार करा. जो मध्येच उठून जाईल, त्याचा निकाल तेथेच लागला असे समजा.